मगदूम सरांचं शेवटचं लॉगआऊट

‘राजमतीबाई, पडदा तेवढा काळा करा. मला बाहेर काढू नका.’

आमचे मगदूम सर घरी निघताना रोज हेच सांगायचे. पडदा म्हणजे त्यांच्या टेबलावरचा स्क्रीन, आणि बाहेर काढणं म्हणजे लॉगआऊट करणं. कॉलेजच्या मोठ्या सर्व्हरवर सरांच्या नावानं अष्टौप्रहर काही ना काही चाललेलं असायचं, आणि ते सगळं त्यांच्या स्क्रीनवरच्या एका काळ्या खिडकीतून सुरू झालेलं असायचं. ती खिडकी मिटली असती तर आतलं सगळंच मिटलं असतं. म्हणून मी फक्त स्क्रीनचं बटण दाबायची, दिवे घालवायची आणि घर गाठायची. सूर्यास्तानंतर मी जेवत नाही, म्हणून संध्याकाळचा डबा बरोबरच असायचा. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंतांचं दर्शन घेऊन दिवसाचा एखादा छोटा नियम घ्यायचा, पाणी गाळून प्यायचं, उजेड आहे तोवर जेवायचं, हे आमच्या घरात सगळ्याच बायका करतात. त्यात माझं म्हणून वेगळं काही नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीच्या बाजूला. मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये सरांच्या हाताखाली कामाला होते. पहिल्या पहिल्यांदा मला त्या सर्व्हरची भीती वाटायची. एका वेळी त्यात शेकड्यांनी प्रोग्रॅम चालायचे, पडद्यावर नुसते आकडे सरकत राहायचे. कोण कुणाचं, काही उमगायचं नाही. तेव्हा सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला समजावलं होतं.

‘हे बघा, मशीनमध्ये एकटं कुणी नसतं. चालणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर असतो आणि प्रत्येकाला आई असते. जिनं सुरू केलं ती आई. तिची पोरं, पोरांची पोरं, अशी सगळी भावकी एका गटात राहते. एकेकाला हुडकत बसायचं कारण नाही. गटाला निरोप धाडला की घरातल्या सगळ्यांना पोचतो.’

‘आणि आई आधी गेली तर, सर?’

‘पहिला, एक नंबरचा असतो की. मशीन चालू केल्यावर सगळ्यांच्या आधी जागा होतो तो. पोरकं झालेलं प्रत्येक पोर त्याच्या पदरात जातं. तो कुणाला नाही म्हणत नाही.’

शेजारच्या टेबलावरून वठारे हसले. सुहास वठारे आमचे लॅब असिस्टंट. त्यांचं तोंड कधी गप्प नसायचं. ‘सर, ताई पाणीसुद्धा गाळून पितात आणि इथं चालत्या प्रोग्रॅमला खुशाल किल मारायला शिकाल्यात.’

‘ते मारणं नव्हे, वठारे. आवरा आता, असा निरोप असतो तो. शहाणा असतो तो आपलं सामान आवरून निघतो.’

‘आणि नाही ऐकलं तर?’

‘मग तुम्हाला पाठवायचं. तुमचं बोलणं ऐकून तो आपण होऊन जातो.’

असं सगळं खेळीमेळीचं होतं. पुढं कॉलेजातली पोरं फार सोकावली. प्रॅक्टिकल संपलं तरी आपापले प्रोग्रॅम तसेच सोडून घरी जायची. मालक घरी आणि त्याची पिलावळ मशीनवर, अशी गत झाली. सर्व्हर धापा टाकायला लागला तेव्हा सरांनीच नियम केला, की जो लॉगआऊट करेल त्याच्या गटातलं सगळं मशीननं त्याच्याबरोबर बंद करावं. कुणाला सूट नाही. नियम दारावर लावला आणि मशीनवरही चढवला.

नियम चांगलाच होता. पण संशोधन करणाऱ्यांची पंचाईत झाली. कुणाचं गणित आठवडाभर चालायचं, आणि तेवढा वेळ लॉगिन करून बसून राहणार कोण? मग एकेक जण सरांच्या टेबलापाशी येऊन घुटमळायचा. सर वर न बघता म्हणायचे, ‘द्या इकडं.’ आणि त्याचा प्रोग्रॅम आपल्या खिडकीतून सुरू करून द्यायचे. सर कधी लॉगआऊटच करत नसत, त्यामुळं त्यांच्या गटाला धक्का नव्हता. स्वतः केलेला नियम सर स्वतःच रोज मोडत होते, आणि ही संशोधक मंडळी सोडली तर हे फक्त मला माहीत होतं.

शाहीन शिकलगार अशीच त्यांच्याकडं आली होती. मिरजेची. वडील बशीरभाई तंबोरे बनवायचे. भोपळ्याची भिंत कुठं किती जाड ठेवली म्हणजे आत आवाज कसा फिरतो, असा काहीसा तिच्या पीएच. डी.चा विषय होता.

‘अब्बा बोटानं ठोकून सांगतात,’ ती मला म्हणाली होती. ‘पण का, ते विचारलं की म्हणतात, बेटी, भोपळ्यालाच विचार. म्हणून विचारायलेय.’

तिचं ते विचारणं फार लांबलचक होतं. दसऱ्याच्या सुमारास सरांनी ते सुरू करून दिलं, आणि दिवाळी होऊन गेली तरी ते चाललंच होतं. अध्येमध्ये कुठंपर्यंत आलंय ते लिहून ठेवायची सोय तिनं प्रोग्रॅममध्ये केली नव्हती. म्हणजे मधे बंद पडलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा पहिल्यापासून करायला तिच्याकडं दिवस उरले नव्हते. प्रबंध जमा करायची मुदत एकदा वाढवून मिळाली होती. ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. आता परत मिळणार नव्हती.

नोव्हेंबरअखेरच्या शनिवारी सरांचा निरोप समारंभ ठरला. शाल आणि श्रीफळ सगळेच देतात, आपण काहीतरी वेगळं करू, असं वठारेंच्या डोक्यात आलं. ‘सरांचं शेवटचं लॉगआऊट सगळ्यांसमोर. अध्यक्षांच्या हस्ते नारळ, सरांच्या हस्ते एक्झिट, आणि टाळ्या.’ सरांच्या जागी येणाऱ्या डॉ. हेर्लेकरांना ते एकदम पटलं. ते कामाला चोख. म्हणाले, ‘उत्तम. सरांनी लॉगआऊट केलं की तिथल्या तिथं खातं बंद. स्वच्छ हस्तांतर.’

सरांनी मान डोलावली. त्या आठवड्यात त्यांनी आपल्या खिडकीतलं एकेकाचं काम ज्याचं त्याला देऊन टाकलं. घरचं लग्न उरकल्यावर उसनी भांडी आठवणीनं परत करतात, तसं. मी विचारलं, ‘शाहीनचं, सर?’

‘तिचं गुरुवारी संपतंय म्हणालीय.’

समारंभ आमच्या सेंटरमध्येच होता. मधे सरांचं टेबल, स्क्रीनला झेंडूचा हार, कीबोर्डला कुंकवाचं बोट. ते वठारेंचं काम. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, हेर्लेकर आणि सरांच्या मिसेस, आमच्या काकू. माझं टेबल कोपऱ्यात, पण सरांच्या खुर्चीतून सरळ दिसायचं.

अध्यक्ष येऊन बसले तेवढ्यात शाहीन आली. हातात पेढ्यांचा पुडा, मागं बशीरभाई. धुतलेला पांढरा शर्ट, हातावर लाखेचे डाग. ती माझ्याकडं आली आणि पुडा पुढं केला.

‘मी आज गोड सोडलंय गं,’ मी म्हणाले. ‘राहू दे, उद्या खाईन. संपलं ना तुझं?’

‘नाही ताई. उद्या सकाळी संपंल असं दिसतंय. भिंत पातळ होते तिथं वेळ लागतोय.’ मग तिची नजर हार घातलेल्या स्क्रीनकडं गेली. ‘हे काय आहे?’

मी सांगितलं. तिचा चेहरा बघवेना.

‘सरांना सांगितलं नाहीस लांबलंय म्हणून?’

‘किती वेळा सांगायचं, ताई? आधीच दोनदा सांगून झालं होतं. लाज वाटली. मला वाटलं सोमवारी नेहमीसारखे असतीलच की सर. रिटायर म्हणजे असं लगेच…’ बशीरभाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

उठून सरांच्या कानात सांगणं काही अवघड नव्हतं. पण सरांना मी ओळखत होते. त्यांना खोटं बोलता यायचं नाही आणि काही लपवताही यायचं नाही. मी सांगितलं असतं तर ते तिथंच, अध्यक्षांसमोर, काकूंसमोर, गळ्यात हार असताना उभे राहून म्हणाले असते, थांबा, मी माझाच नियम मोडलेला आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीची शेवटची ओळ ती झाली असती. आणि नाही सांगितलं तर या मुलीची सगळी मेहनत वाया जाणार.

त्या दिवशी सकाळी मी आणखी एक नियम घेतला होता, आज कुणाचं उणं चारचौघांत बोलायचं नाही. साधाच नियम. एरवी तो माझ्या स्वभावालाही धरूनच. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला वाटलं, भगवंतांनी सकाळीच मला वाट दाखवून ठेवलीय. बोलायचं नाही, एवढंच. हात चालवायला मनाई नाही.

‘तू इथंच उभी राहा,’ मी शाहीनला म्हटलं. ‘मी बघते.’

सर्व्हरच्या मुख्य किल्लीचा पासवर्ड फक्त सरांकडं आणि माझ्याकडं होता. मी आत गेले आणि सरांच्या गटात कोण कोण आहे ते पडद्यावर आणलं. एरवी तिथं पानभर नावं असायची. त्या दिवशी घर रिकामं झालेलं. वर सरांची खिडकी. तिच्याखाली शाहीनचा मोठा प्रोग्रॅम. त्याच्याखाली त्याची पोरं, प्रत्येकाकडं भोपळ्याचा एकेक तुकडा. एक आपलं गणित उरकून निघून जायचं, आणि आई लगेच दुसरं सुरू करायची.

आणि सगळ्यात खाली, एका बाजूला, एक अगदी लहानसा प्रोग्रॅम होता. नाव ‘सांज’. मी तो कधी बघितला नव्हता. मी सेंटरमध्ये रुजू झाले त्या वर्षापासून तो चाललेला होता. उघडून बघितला. आमच्या गावी आज सूर्य किती वाजता मावळणार ते तो रोज काढायचा आणि त्याच्या थोडं आधी माझ्या स्क्रीनवर एक ओळ पाठवायचा.

ती ओळ मला पाठ होती. ‘दिवस कलला.’ रोज संध्याकाळी माझ्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात यायची. ती आली की मी काम थांबवून डबा उघडायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही सोय मशीनमध्येच असेल. त्यामागं कुणी माणूस असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पण तेव्हा त्याचा विचार करायला सवड नव्हती. अध्यक्ष बोलायला उभे राहिले होते. ते एरवी माइक सोडत नाहीत, म्हणून मी निर्धास्त होते. पण त्यांना त्या दिवशी कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. ‘मगदूम सर म्हणजे संस्थेचा आधारस्तंभ,’ एवढं म्हणून ते बसलेसुद्धा.

मी सर्व्हरवर एक वेगळा गट तयार केला. त्याला ‘तंबोरा’ असं नाव दिलं. आता शाहीनच्या माणसांना सरांच्या घरातून उचलून या घरात आणायचं, म्हणजे सर गेले तरी मशीन यांना हात लावणार नव्हतं. चालतं काम न थांबवता गट बदलता येतो. सरांनी एकदा करून दाखवलं होतं, मी कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा मशीननं नकार दिला. गटाचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. दुसऱ्यांदा घेतलं.

मी पोरांपासून सुरुवात केली. वाटलं, लहानग्यांना आधी सुखरूप न्यावं, आई मागून येईलच. एकेकाचा नंबर बघून मी नव्या गटात टाकत होते. तिथं पोचेपर्यंत एखाद्याचं काम संपायचं आणि ते निघून जायचं. तोवर आईनं इकडं जुन्या घरात नवं सुरू केलेलं असायचं. मी चार नेली की मागं चार उभीच. चाळणीनं पाणी भरल्यासारखं झालं.

‘यानंतर हेर्लेकर सर दोन शब्द…’ वठारे म्हणाले.

‘माझं काही नाही. वेळ कशाला घ्या,’ हेर्लेकर म्हणाले. ‘सर, या. खुर्चीत बसा.’

नारळ फुटला. सर खुर्चीत बसले. फोटोवाला पुढं सरला. सरांनी हात कीबोर्डवर नेला आणि सहज वर बघितलं. समोर कोपऱ्यात मी, मान खाली घालून भराभरा टाइप करणारी. माझ्यामागं शाहीन, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्यामागं भिंतीला टेकलेले बशीरभाई.

सरांनी हात मागं घेतला.

‘आधी मी थोडं बोलतो,’ ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सर कधी भाषण करत नसत. ‘यांना काय झालंय आज?’ काकू हेर्लेकरांच्या बाजूला वळून म्हणाल्या.

सर बोलायला लागले. पहिला कॉम्प्युटर टेंपोतून आला आणि तेव्हाचे शिपाई त्याच्यापुढं उदबत्ती लावून झोपले, ते सांगितलं. खोलीत एसी बसला तेव्हा गावातली अर्धी माणसं ‘जरा मशीन बघतो’ म्हणून उन्हाळाभर येऊन बसत, ते सांगितलं. वठारे मुलाखतीला आले तेव्हा त्यांना प्रश्न विचारायला कुणाला संधीच मिळाली नाही, तेही सांगितलं. लोक हसायला लागले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, पण तेही हसत होते.

मी हात आवरून एकदा डोळे मिटले. णमोकार मंत्र म्हटला. सरांनी खुर्ची ओढून समजावलेलं सगळं पुन्हा मनात आणलं. मूल जन्मतं कुठं? आई असते तिथं. मग मी पोरांच्या मागं कशाला धावतेय? आधी आईला हलवायचं. ती नव्या घरात गेली की तिथून पुढचं प्रत्येक मूल त्याच घरात जन्मणार. मागं राहिलेली तेवढी न्यायची, नाहीतर ती आपलं काम उरकून जातीलच.

मी आईचा नंबर घेतला आणि नव्या गटात टाकला. मशीन काही बोललं नाही. मशीन बोललं नाही म्हणजे झालं. पुढचं मूल ‘तंबोरा’त जन्मलं. त्याच्या पुढचंही. जुन्या घरात चार-पाच उरली होती, ती मी एकेक करून नेली. शेवटचं नेणार तोवर त्याचंच काम आटोपलं.

आता सरांच्या गटात दोघंच राहिले, त्यांची खिडकी आणि ‘सांज’. माझं बोट ‘सांज’च्या नंबरवर थांबलं. आणखी एक ओळ लिहिली असती तर तेही आलं असतं. पण ते सरांचं होतं. त्यांनी कुणाला न सांगता सुरू केलेलं, ते मी न विचारता कशी ठेवून घेणार? मी हात मांडीवर ठेवले.

वर बघितलं तर सर ताकाच्या कळशीची गोष्ट सांगत होते. कुणा मास्तरांनी एसीच्या खोलीत ताक थंड व्हायला ठेवलं होतं. त्यांचे डोळे माझ्याकडं होते. मी बस्तीत जोडते तसे हात जोडले.

‘…आणि ती कळशी सर्व्हरच्या मागं,’ सर म्हणाले आणि थांबले. ‘असो.’

त्यांनी कीबोर्ड ओढला, चार अक्षरं टाइप केली आणि एंटर दाबलं. काळी खिडकी मिटली. टाळ्या वाजल्या. फोटोवाला म्हणाला, ‘सर, परत एकदा करा.’ त्यावर तर खोलीभर हशा.

माझ्या पडद्यावर सरांचा गट गेला. ‘सांज’ गेली. शाहीनच्या प्रोग्रॅमपुढं आईचा नंबर लिहिलेला असतो तिथं क्षणभर माझी नजर ठरेना. मग दिसलं. तिथं आता ‘१’ लिहिलं होतं.

‘ताई, बंद पडलं का?’ शाहीननं माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

‘नाही गं. एक नंबरनं घेतलं. चाललंय बघ.’

तिनं बघितलं. भोपळ्याचा एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला. तिनं तोंडाला ओढणी लावली. बशीरभाई हलकेच म्हणाले, ‘आता पेढे वाट की. धरून काय उभी राहिलीस?’

चहा झाला. अध्यक्ष लग्नाला गेले. वठारे कप घेऊन सरांपाशी आले. ‘सर, ती गोष्ट अर्धीच राहिली. कळशीचं पुढं काय झालं?’

‘काही नाही. ताक आंबट झालं.’

‘एवढंच?’

‘एवढंच. म्हणून तर कधी सांगितली नव्हती.’

मग सर कप ठेवून हेर्लेकरांकडं गेले. मी जवळच उभी होते. ते आवाज न चढवता म्हणाले, ‘हेर्लेकर, एक सांगायचं आहे. दारावरचा नियम माझा. तो मी इतकी वर्षं मोडत आलो. लोकांची कामं माझ्या खिडकीतून चालवली. आज एक शिल्लक होतं. ते राजमतीबाईंनी बाजूला काढून ठेवलंय.’

मला वाटलं, ज्यासाठी एवढी धडपड केली तेच सरांनी आपल्या हातानं केलं. पण ते चहाच्या कपाशी, एका माणसाला, घरच्यासारखं सांगितलं होतं. हारासमोर नव्हे. हेर्लेकरांनी कपातला चहा हलवला.

‘किती दिवस चालायचंय अजून?’

‘उद्या सकाळी संपतंय,’ मी म्हणाले.

‘सर, तुमचं खातं बंद केलं तर तेही बंद पडेल. पण खातं बंद करायला माझी एक सही लागते,’ हेर्लेकर म्हणाले. ‘ती आज राहून गेली असं समजा. सोमवारी करतो.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘आणि बाई, लांबची कामं चालवायला असे वेगळे गट रीतसर करता येतील का? म्हणजे कुणाला कुणाच्या पदराखाली लपावं लागणार नाही.’

‘येतील की,’ मी म्हणाले.

खिडकीतून ऊन तिरकं येऊन खुर्च्यांवर पडलं होतं. पोरं खुर्च्या उचलायला लागली होती. सरांनी पिशवी खांद्याला लावली, बाहेर बघितलं आणि जाता जाता म्हणाले, ‘राजमतीबाई, डबा उघडा. दिवस कलला.’

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, चपला शोधत होते. मी डबा उघडला. भाकरी आणि दोडक्याची भाजी होती. मी सावकाश जेवले.

दारात शाहीननं सरांना अडवलं. ‘सर, उद्या निकाल आला की मी कुणाला दाखवू?’

‘राजमतीबाई असतील.’

‘सुरू तुम्ही केलं होतं.’

सर काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, ‘अगं, उद्यापासून यांनी कॉलेजचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय आमचं. इतकी वर्षं मी रविवार बघितलेला नाही.’

‘बरोबर आहे,’ सर म्हणाले. काकू पुढं झाल्या, जिन्याकडं वळल्या. मग सर शाहीनला म्हणाले, ‘संपायच्या आत येतो.’ एवढंच. बाजारातून कोथिंबीर आणतो म्हणावं तसं.

शाहीनचं पुढं नीट झालं. प्रबंध वेळेत जमा झाला. आता ती दुसऱ्या एका गावी शिकवते आणि ईदला अजून मला फोन करते. आमच्या सेंटरमध्ये आज लांबच्या प्रत्येक कामाला स्वतःचा गट मिळतो, त्याची नोंद असते, कुणी कुणाच्या टेबलापाशी घुटमळत नाही. हेर्लेकरांनी ते चोख बसवलं. पण मगदूम सर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते भाषण येत नाही, हारही येत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ येते.

रविवार होता. मी पहाटेच बस्तीत गेले होते. अभिषेक बघितला, दिवसाचा नियम घेतला आणि बाहेर पायरीवर आले. सरांचं घर समोरच्याच बोळात. थंडी होती, बोळात कुणी नव्हतं. सरांचं दार आवाज न करता उघडलं. सर बाहेर आले, कानाला मफलर. त्यांनी कडी लावली ती दोन्ही हातांनी, वाजू नये म्हणून. मग स्कूटर स्टँडवरून उतरवली, पण सुरू केली नाही. आत काकू झोपल्या असणार. सर हँडल धरून गाडी ढकलत निघाले. मधेच थांबून त्यांनी मागं घराकडं एकदा बघितलं आणि पुन्हा ढकलायला लागले.

मी हाक मारली नाही. ओळखपत्र त्यांनी काल जमा केलं होतं, दाराची किल्लीही. सेंटरची किल्ली आता फक्त माझ्याकडं होती. मी चपला घातल्या, पदर खोचला आणि मागच्या बोळानं, जवळच्या वाटेनं कॉलेजकडं चालू लागले, म्हणजे ते पोचतील तेव्हा दार उघडं असेल.